पाला मारा है

आमच्या भाषेत पाला म्हंजे पाला. झाडाचा असते, शेळी खाते, वाळला का चुलीत जाते. त्यात समजावून सांगासारखं काही नाही. पन तीन हिंदी शब्दायनं माह्या भावाच्या जिंदगीची माती केली, अन् त्यातला पहिला शब्द हाच. आता कोनी मले म्हनन, रुख्माबाई, इतके वर्सं झाले, सोड ना. काहून सोडू? ज्यायनं केलं त्यायच्या तं ध्यानातबी नाही. मी एकटी बोंबलून राह्यली, तं बोंबलू द्या.

माहा भाऊ पुनाराम, माह्याहून लहान. माय आमची तापानं मेली, थंडी वाजून येनाऱ्या तापानं, म्हनून त्याले मीच वाढवलं. माहा नवरा गेला तशी मी माहेरी परत आली अन् त्याच्याचजवळ राह्यली. गाव आमचं कटंगीपासून दोन कोसावर. वरच्या अंगाले पाटलाची वस्ती, खालच्या अंगाले आमची टोली. बापानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतलती, तवापासून आमी बौद्ध. घरातले देव बापानं नदीत सोडले, अन् परत येऊन निवांत जेवला. असा मानूस होता.

त्याच साली राज्यबी बदललं. आधी आमचं सारं नागपूरकडं होतं, मंग भोपाळकडं गेलं. साहेब हिंदी झाले, मास्तर हिंदी झाला. आमी होतो तसेच राह्यलो. हिंदी येत होती, पन ती बाजारापुरती, क्या भाव है अन् कम करो इतकी. कोर्टकचेरीतली हिंदी आमच्या डोक्यावरून जाये.

पुनाराम मलेरियाच्या खात्यात फवारेवाला होता. पावसाळ्याच्या आधी अन् पावसाळ्यात खात्याचे लोक पंप अन् बालटी घेऊन गावोगाव फिरत अन् पांढऱ्या पावडरीची दवा पान्यात कालवून घराच्या भिताडायले आतून मारत. वाळली का भिताड पांढरं दिसे. सरकारचा हुकूमच होता का एकबी घर सुटाले नाही पायजे, देवघर नाही अन् सयपाकघरबी नाही. आता समजून घ्या. ज्या घराच्या विहिरीवर आमच्या सावलीले मनाई, त्या घराच्या चुलीपाशी माहा भाऊ पंप घेऊन उभा.

भोजराज पाटलाच्या घरी पहिल्या साली मैनाबाई पाटलीन त्याच्या मागंमागं गोमूत्र शिंपडत फिरली. दुसऱ्या साली तिचा नातू तापानं फनफनला तं पुनारामनंच खात्याच्या गोळ्या नेऊन देल्ल्या अन् पोरगं उठून बसलं. तिसऱ्या साली पाटलीन स्वतः म्हने, "ये गा पुनारामभाऊ, या कोपऱ्यात जरा जास्त मार, इथं लई डास हायेत." भाऊ घरी येऊन हे सांगे अन् त्याचा चेहरा फुलून जाये. मी म्हनू, "चहा देल्ला का तिनं?" देल्ला नव्हता. पन त्याले चहा नको होता. त्याले दार पायजे होतं. तो म्हने, "बाई, एक डाव मानूस घरात आला का मंग त्याले भायेर काढता येत नाही." मी म्हनू, "येते गा, सारंच येते."

नोकरी मात्र अर्ध्या सालाची. इन्स्पेक्टर घनश्यामबाबू त्याच्यावर खूश होते. त्यायनं सांगतलं होतं का येत्या उन्हाळ्यापासून तुले बारमाही घेतो, घरोघरी जाऊन तापाचे लोक पाहाचं काम देतो. फक्त गावाची तक्रार नको. पुनाराम त्या बोलावर जगत होता. उरलेल्या पावडरीच्या दोन थैल्या खात्यानं आमच्याच घरी ठेवल्या होत्या. तो त्यायले रोज झटकून पुसे, जशी काही घरची लक्ष्मीच हाये.

पुसाचा महिना होता. दोन दिवस असा गारठा पडला का म्हातारे लोक चुलीपाशीच झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून भायेर आली तं सारं अंगन पांढरं. धानाच्या तनशीच्या ढिगावर पांढरं, कौलावर पांढरं, बांधीतल्या, म्हंजे धानाच्या शेतातल्या, लाखोरीच्या पिकावर अन् शेताच्या कडेच्या धुऱ्यावरच्या तुरीवर पांढरं. चाळनीतून पीठ पडावं इतकंच, जास्त नाही. अंगनातल्या गुंडीत पानी होतं, त्याच्यावर पापडी धरलेली. बोट लावलं तं मोडली. ऐकलं का दूर पहाडाकडं गुडघा गुडघा पडते अन् लोक त्यातून बाजारहाट करते. आमच्याकडं नखाएवढं पडलं, अन् सारं गाव जागच्या जागी बसलं.

कोनाले वाटलं राख, कोनी म्हने मीठ. पन भोजराज पाटलाचा गडी नथ्थू, त्यानं जीभ उचलली अन् टाळ्याले लावली. तो म्हने, "हे तं पुन्याची पावडर." झालं. गावाले पांढरी भुकटी ती एकच माहीत होती. अन् ती दवा खाऊन मांजरी मरते हेबी साऱ्यायनं पाहलं होतं, पाटलाचीच एक मेली होती.

मंग काय विचारता. पाटलानं सांगतलं का विहिरीत दोर सोडाचा नाही. बाया रिकामे गुंड घेऊन परत गेल्या. गाईबैल गोठ्यातून सोडले नाही, ते तहानेनं हंबरून राह्यले. रातचा भात, दूध, भिजवलेली डाळ, जे जे उघडं होतं ते ते लोकायनं उकिरड्यावर नेऊन टाकलं. मास्तरनं पोट्ट्यायले दारातूनच वापस धाडलं. तुमसरची मोटार फाट्यावर रातच्या मुक्कामाले राहे, ती गारठ्यानं चालू होईना. ढकलाले पाशिंजर होते, पन मोटारीवर पांढरं होतं म्हनून कोनी हात लावेना. कंडक्टर एकटाच ढकलत होता अन् साऱ्यायले शिव्या देत होता.

आमी टोलीतले लोकबी घाबरलोच होतो, खोटं काहून बोलू. पन पुनाराम भायेर आला, खाली वाकला, बोटानं थोडं उचललं अन् म्हने, "बाई, हे गार आहे. पानी होऊन राह्यलं पाहा." मी हात लावला. खरंच पानी झालं. आमचा जीव भांड्यात पडला अन् आमी चूल पेटवाले बसलो. तेवढ्यात पाटील आला, मागं अर्धं गाव.

त्यायनं थैल्या ओढून अंगनात आनल्या. पुनाराम म्हने, "पाटील, शिवन पाहा. जशी खात्यातून आली तशीच आहे."

"शिवाले काय लागते, एक दाभन." भोजराज म्हने.

"पावडर असती तं गार लागली असती का? हात लावून पाहा ना. हा बर्फ आहे."

लोक हसले. हसतीन नाही तं काय? बर्फ आमाले माहीत नव्हता असं नाही. बर्फ उन्हाळ्यात असते, गोंदियाहून येते, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, अन् कटंगीच्या बाजारात पोट्ट्यायले त्याचा गोळा भेटते. पुसात, अन् तोबी फुकटचा, अन् साऱ्या गावाच्या शेतावर कोन आनून टाकन? नथ्थू म्हने, "रंग टाकाचा राहून गेला वाटते." पुनाराम बांधीत जाऊन ओंजळभर घेऊन आला अन् पाटलाच्या पुढं धरली. पाटलाले वाटलं हा आपल्या अंगावर फेकून राह्यला. त्यानं भावाच्या कानाखाली वाजवली. ज्याच्या घरात आदल्या साली त्याले नाव घेऊन बोलावत होते, त्यानं. मी मधात गेली तं मलेबी ढकललं.

अन् तेवढ्यात ऊन वर आलं. पांढरं होतं ते पाहता पाहता गेलं. पुनाराम म्हने, "पाहा, वितळलं." ते म्हने, "जिरलं. मुळाले गेलं." अन् दुपार होता होता लाखोरी काळी पडली. तुरीचे शेंडे असे लोंबले का जसं कोनी उकळतं पानी ओतलं. आता त्या लोकायले दुसरा पुरावा कायले पायजे होता? वरून पांढरं टाकलं, आत जिरलं, अन् पीक मेलं. डोक्याले पटनारी गोष्ट होती, हेच वाईट. टोलीतल्या लोकायच्या बांध्याबी त्याच पांढऱ्यानं जळल्या होत्या, पन तिकडं कोनी पाहे ना.

पाटलानं नथ्थूले सायकलवर कटंगीले पाठवलं. घनश्यामबाबू तिथं मुक्कामाले होते, ते जीप घेऊन आले. मी म्हनलं, चला, खात्याचा मानूस आला, आता सारं सरळ होईन. साहेब मफलर गुंडाळून जीपमधून उतरले, धुऱ्यावर गेले, तुरीचा एक शेंडा तोडला, बोटात चुरगाळला अन् टाकून देल्ला. सारं गाव कान टवकारून उभं. साहेबानं शेताकडं हात केला. शेताच्या पुढंच माहा भाऊ उभा होता. अन् साहेब म्हने, "अरे कुछ नहीं, पाला मारा है. पाला. सब तरफ मारा है."

बस्स. इतकंच.

तुमी हिंदीवाले असान तं समजले असान. हिंदीत पाला म्हंजे गारठ्याचं पांढरं दव, पिकाले जाळनारं. साहेब म्हनून राह्यला होता का हे थंडीनं झालं, साऱ्या मुलखात झालं. माह्या भावाची सुटका होती त्या तीन शब्दांत. पन आमच्या लोकायनं का ऐकलं? पाला मारा है. पाला मारला. हात पुन्याकडं केला अन् साहेब म्हने यानं पाला मारला, सगळीकडचा मारला. मागं उभ्या बायायले नथ्थूनं समजावूनबी सांगतलं, "साहेबबी तेच म्हनते."

पुनारामले हिंदी येत होती, खात्यात राहून राहून शिकला होता, पन हा शब्द त्यालेबी नवा. तो साहेबाच्या मागं धावला. "साहब, इनको समझाइये."

"समझा तो दिया." साहेब जीपमध्ये बसत म्हने. "और तुम गाँव से झगड़ा मत करो. शिकायत आई तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा."

जीपचा ड्रायव्हर खेमराज बैहरचा होता, पहाडातला. तो इंजिनात पानी टाकत होता. त्यानंच पुनारामले हळूच सांगतलं का बैहरकडं दोन-चार सालातून एक डाव असा पाला पडतेच, तिथले लोक शेताच्या कडेले धूर करते. म्हने, "आसमान साफ है, हवा बंद है. कल फिर गिरेगा, देख लेना." मंग जीप गेली.

पुनारामनं पाटलाच्या सपरीपुढं, म्हंजे ओसरीपुढं, उभं राहून हे सारं सांगतलं. तो सांगे अन् लोक एकमेकाच्या तोंडाकडं पाहे.

"म्हंजे पाला म्हंजे थंडी?" भोजराज म्हने.

"हिंदीत, पाटील. हिंदीत."

"आमी शेळ्यायले इतके दिवस थंडी चारली का गा? जन्म गेला शेतात, आता पाला कायले म्हनते ते तू आमाले शिकवशीन?"

पालथ्या घड्यावर पानी. पाटील म्हने का उद्या मी स्वतः कटंगीले जातो, तक्रार करतो, खात्यातून तुले काढाले लावतो. तेव्हा पुनारामनं ती गोष्ट केली. मोठ्यानं, साऱ्या गावादेखत, तो म्हने, "एक रात थांबा. मले इथंच सपरीत बसवा, पायजे तं बांधून ठेवा. थैल्याबी तुमच्याच डोळ्यापुढं ठेवा. उद्या सकाळी पुन्हा पडन. पडलं तं मी खरा. नाही पडलं तं खुशाल तक्रार करा, नोकरी जाऊ द्या, अन् मी गावबी सोडतो."

आमच्या टोलीचे म्हातारे डोमाजी म्हने, "बोल जपून वापर रे बाबा." कोनी ऐकलं नाही. पाटलानं मान हलवली. भावाले सपरीच्या खांबाले बांधलं अन् थैल्या बाजूले ठेवल्या.

आता आमची दशा ऐका. माही घरामागं वाडी होती, आंब्याच्या झाडाखाली. वांगे, मिरच्या, वालाचे वेल. झाडाखाली होती म्हनून तेवढी वाचली होती. खालच्या बांधीतबी कोनाकोनाची थोडी लाखोरी हिरवी राह्यली होती. तेच आमचं पुढचे दोन महिने. अन् आमी साऱ्या टोलीनं त्या सांजेले मनात काय मागावं? का पुन्हा पडो. उरलं सुरलं जळो, पन पडो. देव तं बापानं नदीत सोडले होते, मागाचं कोनाले? मी वाडीत जाऊन वांग्याच्या झाडायकडं पाहलं अन् आभाळालेच म्हनलं, ये, घेऊन जा. शेजारची कमला, जिची अर्धी बांधी वाचली होती, तिनंबी हेच म्हनलं. मले याची लाज नाही. वरच्या वस्तीत त्याच वेळी पाटलीन पडू नको म्हनून दिवा लावून बसली होती. एकाच गावातून दोन मागन्या वर गेल्या.

अन् आमची पुरी झाली.

सकाळी दार उघडलं तं कालच्याहून जास्त. वाडीतले वांगे पांढरे, वालाचे वेल पांढरे. मी ते पाहलं अन् मले हसू आलं, अन् मंग मी सपरीकडं धावली. सारी टोली धावली. थैल्या जिथल्या तिथं, शिवन तशीच, अन् माहा भाऊ खांबाले बांधलेला. गारठ्यानं ओठ निळे पडले होते, पन डोळे हसत होते. त्याले सोडलं तसा तो अनवानी बांधीत पळाला. तनशीवरचं ओरपून खाल्लं. तुरीवरचं खाल्लं. "पाहा, पाटील. जहर असतं तं मेलो नसतो?" तो पोट्ट्यासारखा हसून राह्यला होता. आमचे पोट्टेबी चाटाले लागले. डोमाजीनंबी जीभ लावून पाहली अन् म्हने, "चव नाही काही."

भोजराज पाटील हळूहळू पुढं आला. त्यानं बोट लावलं. बोट तोंडात घातलं. त्याले समजलं. हे मी माह्या डोळ्यानं पाहलं अन् मराच्या दिवशीबी सांगन का त्याले समजलं. त्याचा चेहरा उतरला, तो काही बोलाले गेला. मले वाटलं आता हा माफी मागते.

पन त्यानं मान वर केली अन् शेत पाहलं. काल वाचलेली तूर, काल वाचलेली लाखोरी, सारं गेलं होतं. अन् त्याच्या मागून मैनाबाई पाटलीन बोलली. ओरडली नाही, शिवी देल्ली नाही. सासूनं सुनेले मिठाचं विचारावं तशी बोलली. म्हने, "काल हा इथं उभा राहून म्हनला का पडन. अन् पडलं."

कावळा बसाले अन् फांदी तुटाले एक गाठ पडली, इतकं सांगाले तिथं एकबी तोंड उघडलं नाही. लोक एक एक पाऊल मागं सरकले. ज्या लोकायनं काल त्याच्या अंगावर हात टाकला, ते आज त्याची सावली चुकवत होते. एका बाईनं आपल्या लेकराच्या तोंडावर पदर टाकला. पुनारामच्या ओठावर अजून ते पांढरं लागलं होतं. तो म्हने, "अहो, मी नाही पाडलं, ड्रायव्हर म्हनला होता..." पाटील म्हने, "हौ, हौ. जा घरी. तुह्यावर कोनाची तक्रार नाही." किती नरम बोलला. इतक्या नरम आवाजात तो आमच्याशी कधीच बोलला नव्हता.

तक्रार खरंच झाली नाही. विहीर चालू झाली, मोटार तुमसरले गेली, मास्तरनं शाळा भरवली. पुनाराम म्हने, "बाई, सुटलो." मले वाटलं, लोक चार दिवसांत विसरतीन.

उन्हाळा लागला अन् फवारनी आली. पुनाराम पंप घेऊन वरच्या वस्तीत गेला. कोनी नाही म्हनलं नाही. पन तो एका अंगानं येताना दिसला का लोक म्हातारी-कोतारी उचलून दुसऱ्या अंगानं शेतात निघून जात. तो रिकाम्या घरात उभा राहून दवा मारे अन् पुढं जाये. तो गेला का भिताडं खरडून, शेनानं लिपून टाकत. मंग लोक घराले कुलपं लावाले लागले. खात्याचे मोठे साहेब पाहाले आले तं अर्ध्या गावात दवाच नाही. घनश्यामबाबूनं आपल्याकडून सांगून पाहलं, आदमी अच्छा है म्हने, पन गाँव डरता है. त्याच्या जागी कटंगीचा एक पोट्टा घेतला. थैल्या नेल्या. पंप नेला. माह्या भावाच्या हातावर त्या दवाचा वास मात्र बहुत दिवस होता, तो राखेनं हात घासे तरी जात नव्हता.

पावसाळ्यात त्याले गावात कोनी धानाच्या रोवनीले बोलावलं नाही. तिरोडीच्या खदानीत कधी काम भेटे, कधी नाही. तो कमी बोलाले लागला. मी चिडवू, "काहून रे, दार पायजे होतं ना तुले?" चिडवून मीच रडू.

पुन्हा पूस आला, पुन्हा गारठा आला. एक दिवस दुपारी मी अंगनात तांदूळ पाखडत होती, तं भोजराज पाटील आमच्या टोलीत. त्याच्या सात पिढ्यात कोनी आलं नसन. हातात सूप, सुपात नवे तांदूळ अन् नारळ. त्यानं ते पुनारामच्या पायापाशी ठेवलं.

"गारठा वाढला गा, पुनारामजी," तो म्हने. "यंदा नको."

जी लावला त्यानं. माह्या भावाले जी.

पुनाराम म्हने, "पाटील, तुमी बोट चाटून पाहलं होतं."

"हौ. पाहलं होतं."

"काय होतं ते?"

"पानी होतं."

"मंग?"

पाटलानं खाली पाहलं. "घरच्यायच्या मनाले ठीक वाटत नाही. अन् खरं सांगू तं माह्याबी नाही. तुह्या तोंडातून निंगून जाऊ दे ना का नाही पडन म्हनून. तुहं काय जाते?"

मी तिथंच उभी होती. मी म्हनलं, आता हा सुपाले लात मारन. ज्यानं घरोघरी जाऊन घसा कोरडा केला का ताप देवीचा नसते, डासाचा असते. ज्यानं माह्या बापाच्या मागं उभं राहून देव नदीत सोडताना पाहले. तो हे ऐकून घेनार नाही. मी वाट पाहत राह्यली.

भावानं डोळे मिटले. अन् म्हने, "जा पाटील. नाही पडन."

पाटलानं वाकून हात जोडले अन् गेला. मी सूप उचलून त्याच्या मागं फेकाले धावली, तं पुनारामनं माहा हात धरला. म्हने, "राहू दे बाई. आता त्यायच्या घरात तं मले जाता येत नाही. ते येते तं येऊ दे."

त्या साली पडलं नाही. पडतच नाही आमच्याकडं, तो एक डाव पडलं ते पडलं. पन त्याचं नाव झालं. आता पूस लागला का चार गावचे लोक नारळ घेऊन येते. तो ओट्यावर बसते, डोळे मिटते, अन् एकेकाले तेच सांगते. लोक म्हनते रुख्माबाई नशीबवान, भाऊ किती मोठा झाला. मले भाऊ पायजे होता. भगत घेऊन मी काय करू?